ओझरच्या विमानांचे नेत्र

देवळ्याच्या नैर्ऋत्येस ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना निघाला. रडार हा विमानाच्या नाकांतील नेत्र होय. सोडलेल्या रेडिओलहरी शत्रूवर आपटून परतल्या कीं त्याचें अंतर व दिशा कळते. मिग-२१ एफएलमध्यें आर२एल, पुढें बायसनमध्यें कोप्यो, व सुखोई-३० एमकेआयमध्यें विजेच्या योगें किरण वळविणारें बार्स, असा हा क्रम आहे. मिगचे सांगाडे ओझरास, एंजिनें कोरापुटास व विद्युदुपकरणें हैदराबादेस होत. म्हणून ह्या इतिहासाचीं साधनें एकत्र मिळणें कठीण. सप्टेंबर २०२५ मध्यें मिग-२१ निवृत्त झालें. यंत्र गेलें कीं त्याच्या नोंदवह्या रद्दींत जातात. मोडी रुमाल जपणाऱ्या संग्राहकांनीं, गुप्ततेचा निर्बंध नसेल तेथें, वृद्ध कारागिरांच्या वह्या आजच मिळवाव्या.