पाऊण वेगानं पाहिलेल्या शर्यती

रात्री अंथरुणात फोनवर १९०८च्या लंडन ऑलिंपिकची फिल्म पाहिली, तेव्हा आधी हसूच आलं. किल्ली दिलेल्या खेळण्यासारखी माणसं तुरुतुरु पळत होती, कोट-टोपीवाले अधिकारी बदकासारखे मागे-पुढे करत होते. मग सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ केला, आणि हसू थांबलं.

त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवत. सेकंदाला साधारण १६ चित्रं टिपली जायची. तीच फिल्म २४च्या वेगानं दाखवली की माणूस दीडपट घाईत दिसतो. म्हणजे आपण ज्याला हसतो ती घाई धावणाऱ्याची नाही, यंत्राची आहे. वेग कमी करा, आणि पडद्यावर घाम गाळणारी माणसं येतात.

त्यांचं मैदान मात्र खरंच वेगळं होतं. धावपट्टी कोळशाच्या राखेची, तीन फेऱ्या मारल्या की एक मैल. मधल्या हिरवळीवर चक्क पोहण्याचा तलाव! शंभर मीटरवाले पाय रोवायला स्वतःच खड्डे खणत. बांबूउडी अक्षरशः बांबूनंच व्हायची, आणि उतरायला आजची जाडजूड गादी नसे.

कॅमेरा जड आणि तिकाटण्यावर खिळलेला, त्यामुळे मॅरेथॉनचा बहुतेक रस्ता त्याच्या नजरेआडच राहतो. २४ जुलैला विंडसरहून निघालेला डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये सगळ्यांच्या आधी शिरला. हा इटलीतल्या कार्पी गावचा, मिठाईच्या दुकानात काम करणारा. आत आल्यावर तो चुकीच्या दिशेला वळला, मग पडला. उठवला, पुन्हा पडला. असं पाच वेळा. शेवटच्या साडेतीनशे मीटरला त्याला सुमारे दहा मिनिटं लागली. फिल्ममध्ये तो फितीपर्यंत येतो तेव्हा शेजारी भलामोठा भोंगा घेतलेला अधिकारी चालताना दिसतो. (तो शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल, असं अनेकजण सांगतात. ते खरं नाही. डॉयल प्रेक्षकांत बसून वर्तमानपत्रासाठी लिहीत होता.) मदत घेतली म्हणून डोरांडो बाद ठरला, सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. पण दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं डोरांडोला खास कप दिला. कोसळला म्हणून तो जगभर लाडका झाला. आणि मॅरेथॉन पुरुषांना झेपत नाही, ती बंद करा, असं काही ऑलिंपिकवाल्यांनी ठरवलं नाही.

ही शेवटची गोष्ट मला त्या रात्री सुचली नव्हती. ती सुचली दुसरी एक फिल्म पाहताना.

१९२८, ॲमस्टरडॅम. ऑलिंपिकच्या धावपट्टीवर स्त्रिया पहिल्यांदाच उतरल्या होत्या. २ ऑगस्टला आठशे मीटरची अंतिम शर्यत झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत पहिली आली, तो विश्वविक्रम होता. तिच्या मागोमाग जपानची किनुए हितोमी. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते वाचून वाटावं, मैदानावर रणभूमीसारखी प्रेतं पडली होती. एका अमेरिकन पत्रकारानं लिहिलं, अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी शर्यत मध्येच सोडली.

धावल्या होत्या नऊ जणी. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. दमल्या होत्या, शेवटच्या रेषेपाशी पडझडही झाली. आठशे मीटर जीव खाऊन पळाल्यावर आणखी काय व्हायचं? पण छापलेलं खरं ठरलं. ती शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये परत आली. मधली बत्तीस वर्षं स्त्रियांना दोनशे मीटरच्या पुढे पळू दिलं नाही. हितोमीला तर पुढचं ऑलिंपिकही दिसलं नाही. १९३१ साली, त्याच तारखेला, २ ऑगस्टला ती न्यूमोनियानं गेली. वय २४.

खेळ बदलले म्हणताना आपण बूट, ट्रॅक आणि सेकंद मोजतो. पण कोण पडलं तर टाळ्या आणि कोण पडलं तर बंदी, हे कुठल्याच घड्याळात येत नाही. स्त्रियांची तीन हजार मीटर स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये आली ती २००८ साली. आठच वर्षांनी रिओत आपल्या साताऱ्याची ललिता बाबर तिच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. शर्यतच नसती तर ती कुठे धावली असती?

हे मला इतकं लागायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या शाळेत मुलींची शर्यत चारशे मीटरला संपायची. आठशे फक्त मुलांना. माझी एक मैत्रीण दर वर्षी सरांकडे आठशेसाठी नाव द्यायला जायची. "चक्कर येऊन पडशील," सर म्हणायचे, आणि आम्ही बाकीच्या हसायचो. मीही हसले होते.

परवा तिला ॲमस्टरडॅमच्या फिल्मची लिंक पाठवली. सोबत एवढंच लिहिलं, की पाऊण वेगानं बघ. अर्ध्या तासानं तिचा मेसेज आला : "चार वेळा बघितली. त्या जपानी मुलीचं नाव काय गं?"