फॅक्स यंत्राची जुळणी

श्रोतेहो, घरच्या कचेरींत टेबलावर मानानें ठेवलेलें फॅक्सचें यंत्र आतां बहुतेक ठिकाणीं कोपऱ्यांत जाऊन बसलें आहे, व तरुण श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं तें चालू असतांना पाहिलेंहि नसेल. तरी त्याच्या अंगावरील कळा अमुकच कां होत्या हें पाहूं गेल्यास दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडतो. आणि त्या इतिहासाचें एक टोंक आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत आहे.

आपल्या मुलखांत तार आली ती सरकारचा हात म्हणून. १८५८ सालीं, हे दोन जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा असतांना, बाबुराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. त्या वेळीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या माणसांची छावणी होती. २९ एप्रिल रोजीं तिजवर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नांवाचा तिसरा निसटला. बाबुराव पुढें पकडले गेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशीं गेले. आली ती तारहि परक्या लिपीची. गोंडी किंवा मराठी बोलणाऱ्याचा निरोप आधीं इंग्रजी अक्षरांत उतरावा, मगच तो तारेवर चढावा, असा प्रकार पुढें कित्येक वर्षें चालला. देवनागरी तारेची सोय १९४९ सालीं झाली, व तीहि आरंभीं निवडक गांवांपुरतीच.

अक्षराची खूण न पाठवितां अक्षराचें चित्रच पाठवावें, ही कल्पना मात्र फार जुनी. स्कॉटलंडांतील घड्याळजी अलेक्झांडर बेन यानें १८४३ सालीं तिचें पेटंट घेतलें, म्हणजे टेलिफोनच्या आधीं तेहतीस वर्षें! मनुष्य घड्याळजी, तेव्हां त्याची युक्तीहि घड्याळाचीच. तारेच्या दोन्ही टोंकांस एकेक लंबक. एक अक्षरांवरून फिरे, दुसरा कागदावर त्यांची आकृति उठवी. दोन्ही लंबक एका तालांत झुलले तर अक्षर सरळ; एक किंचित् मागें पडला कीं अक्षर वाकडें. इटलींतील धर्मोपदेशक कासेली याच्या यंत्रानें १८६५ पासून पॅरिस व लियों या नगरांमध्यें लोकांचे हस्ताक्षरांतील निरोप जाऊं लागले.

लंबक गेले, पण तालाची अडचण राहिली. प्रत्येक कारखानदाराचें यंत्र आपापल्या तालावर चाले व दुसऱ्याचें त्यास समजत नसे. १९८० सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें सर्वांसाठीं एक नियम ठरविला, तेव्हां कोठें तें घरोघर जाण्याजोगें झालें. क्रमांक लागल्यावर जो कर्कश शीळवजा आवाज कानीं येई, तो या नियमाप्रमाणें चाललेला दोन यंत्रांचा संवाद होता. पलीकडील यंत्र आपली ऐपत सांगे; अलीकडील यंत्र वेग ठरवून सुमारें दीड सेकंद शून्यांची रांग धाडून पाही. रांग बिघडून पोंचली तर वेग एक पायरी खालीं : सेकंदास ९६०० चिन्हें, मग ७२००, ४८००, शेवटीं २४००. घाई बाजूस ठेवून दुसऱ्याच्या बेतानें चालणारीं यंत्रें मला तरी माणसांपेक्षां शहाणीं वाटलीं.

आतां कळांकडे येऊं. सागाबांबूच्या रानांतून खांबांवर गेलेल्या तारेंत पावसाळ्यांत खरखर फार. अशा वेळीं वेग आपणच आधीं ४८०० वर आणून ठेवणें बरें असे. पानास वेळ दुप्पट लागे व टेलिफोनचें बिल वाढे, पण पान मध्येंच तुटत नसे. दुसरी कळ क्रमांक फिरविण्याच्या रीतीची. जुन्या एक्स्चेंजला ठोक्यांचीच भाषा कळे, सुरांची नव्हे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेचीं लहान एक्स्चेंजें खेड्यांत पोंचूं लागलीं तेव्हां ही अडचण हळूहळू सरली.

सर्वांत महत्त्वाची कळ बारकाव्याची. साध्या ठेवणींत यंत्र कागदाच्या उंचीच्या एका मिलिमीटरांत ३.८५ ओळी वाची, सूक्ष्म ठेवणींत ७.७. इंग्रजी टंकलिखित पत्रास साधी ठेवण पुरे. पण आपल्या अक्षरांवर अनुस्वार, रफार, वेलांटी. बारीक लेखणीचा टिंब दोन ओळींच्या मध्येंच हरवावयाचा. त्यांतून आपला १ आणि ९! सातबाऱ्यावर गट क्रमांक १९ आहे कीं ११, यावर एखाद्याची शेती अवलंबून असावी आणि आलेल्या पानावर दोन्ही अंक सारखेच दिसावे, असा प्रसंग मीं एका ओळखीच्या गृहस्थांच्या घरीं पाहिला आहे. कागद पुन्हां सूक्ष्म ठेवणीवर पाठवविला तेव्हां नऊचें डोकें स्पष्ट उघडलें. वेळ दीड मिनिट अधिक लागला असेल. त्या गृहस्थांनीं मात्र तेवढ्यांत दोनदां घाम पुसला.

पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ व पाठविणाराचें नांव छापण्याचीहि सोय असे. वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागें पडलें आहे काय, हें पाहणें अगत्याचें. मुदतीच्या अर्जावर चुकीची तारीख उमटली कीं वाद आलाच. आणि गंमत अशी, कीं कोणत्याहि लिपीचें चित्र बिनतक्रार नेणारें हें यंत्र स्वतःचा मथळा मात्र इंग्रजींतच छापी. निदान मीं हाताळलेलीं सर्व यंत्रें तशींच होतीं.

तारेची सेवा आपल्या देशांत जुलै २०१३ मध्यें बंद झाली. फॅक्सला असा निरोपाचा दिवस मिळाला नाहीं. त्याचा वापर हळूहळू मावळला. पण त्याच्या गुंडाळीवरचीं पानें अद्याप पुष्कळांच्या पेटींत असतील. तो कागद उष्णतेनें काळा होणारा, शाईचा नव्हे. ऊन, ऊब व वर्षें यांनीं त्यावरील अक्षर पुसट होत जातें आणि शेवटीं कोरा कागद उरतो. जमिनीचें, वारसाचें किंवा पेन्शनचें असें पान ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं वाचतां येत आहे तोंवर त्याची साध्या कागदावर छायाप्रत काढून घ्यावी, आणि त्यांतील अंक मूळ पानाशीं एकेक ताडून पाहावे.