राणीची बाग : साम्राज्याच्या स्मारकापासून नागरी उत्तरदायित्वापर्यंत

प्रस्तावना
लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झाले, ते प्रामुख्याने झूलॉजिकल सोसायटीच्या सभासदांसाठी. सर्वसामान्यांस त्याचे दार १८४७ मध्ये उघडले. मुंबईतील भायखळ्याचे व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच राणीची बाग, ही त्याच युगाची निर्मिती होय. साम्राज्याचे स्मारक म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. तथापि ती कोणी सांभाळली, हा प्रश्न विचारल्यास निराळे चित्र दिसते.

स्थापना व हस्तांतरण
पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची मूळ बाग शिवडी येथे होती. भायखळ्याच्या नव्या बागेचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. बागेच्या आवारातील वस्तुसंग्रहालयासाठी जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत नाना शंकरशेठ व डॉ. भाऊ दाजी लाड यांनी पुढाकार घेतला. १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळल्याने त्याचे काम रखडले व ते १८७२ मध्ये खुले झाले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. नाव राणीचे राहिले, भार मात्र करदात्या नागरिकांवर पडला.

प्राणिसंग्रहालय
१८९० मध्ये प्राणिसंग्रहालयासाठी बागेचा विस्तार झाला. पिंजऱ्यातील श्वापद हा त्या काळी ज्ञानाचा व करमणुकीचा विषय होता. त्याच्या सुखदुःखाचा विचार गौण होता. स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व १९९२ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण यांनी ही दृष्टी बदलली. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांपैकी एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला, तेव्हा मुंबईत तीव्र वाद उद्भवला. २०२० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी येथे आली. मराठवाड्याचाही या बागेशी असा संबंध जुळला.

समारोप
उद्यानाचे नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले असे आहे, तर लोकांच्या तोंडी अद्याप 'राणीची बाग'च आहे. नामांतराहून महत्त्वाचे परिवर्तन १८७३ मध्येच घडले होते. सभासदांच्या खाजगी संग्रहातील प्राण्याविषयी जाब कोण विचारणार? सार्वजनिक पैशावर पोसलेल्या प्राण्याविषयी मात्र नागरिक जाब विचारू शकतो. पेंग्विनचा वाद हा त्याच हक्काचा, आणि म्हणून त्याच उत्तरदायित्वाचा, आविष्कार होय.