इतवारींतील अक्षरें आणि उच्चार

नागपूरच्या जुन्या भागांत वारांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या पुष्कळ आहेत. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी यांच्या पंक्तींत बसणारी इतवारी ही सराफांची, अडत्यांची आणि कोष्ट्यांची पेठ. पंडिताच्या कानास हें नांव अशुद्धच वाटावें. मूळ शब्द ‘आदित्यवार’. लोकांच्या तोंडीं झिजून मराठींत त्याचा ‘आदितवार’ झाला आणि हिंदींत ‘इतवार’. या झिजलेल्या नांवाबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु याच पेठेंतील मूल ‘शाळा’ न म्हणतां ‘शाया’ म्हणालें कीं, त्याच्यावर अडाणीपणाचा शिक्का बसतो आणि बहुधा तें वर्गांत तोंडच उघडीनासें होतें. हा अन्याय समजावयाचा तर अक्षरें शिकविण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, हें पाहिलें पाहिजे.

१८५४ सालीं भोंसल्यांचें राज्य खालसा झालें. त्या काळापर्यंत मराठी मुलांचें अक्षरज्ञान पंतोजीच्या हातीं असे. पाटीवर धूळ पसरावी, मुलाचें बोट तींत फिरवावें आणि बोट फिरत असतांनाच अक्षराचा उच्चार करवावा, अशी त्याची रीत. आरंभ ‘ओनामासीधं’नें होई. हा ‘ॐ नमः सिद्धम्’चा अपभ्रंश, म्हणजे विद्येचा श्रीगणेशाच झिजलेल्या उच्चारानें होत होता! पंतोजीच्या छडीचे गोडवे आम्हांस गावयाचे नाहींत. पण धुळाक्षरांत बोट, डोळा, जीभ आणि कान हीं चारी एकदम कामास लागत, हें खरें. मद्रासेकडे अँड्र्यू बेल यानें देशी शाळेंतील मुलांना वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलें, ती युक्ति आपल्या अनाथाश्रमांत आणली आणि १७९७ त पुस्तक छापून विलायतेस कळविली. पुढें, १९०७ त रोममध्यें बालगृह काढणाऱ्या माँटेसोरीबाईंनीं खरखरीत कागदाच्या अक्षरांवर मुलांचीं बोटें फिरवून त्यांच्याकडून ध्वनि म्हणवून घेतले. तो विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं इकडे रुजविला. धूळ गेली, खरखरीत कागद आला, बोट तेंच.

आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशाच आहे. ‘क’ कंठाशीं, ‘च’ टाळूशीं, ‘ट’ जीभ उलटवून, ‘त’ दांतांशीं आणि ‘प’ ओठांवर. मुलानें तळहात तोंडासमोर धरून ‘प’ आणि ‘फ’ म्हणून पाहावें, म्हणजे श्वासाचा फरक हातालाच कळेल. छापील अंकलिप्या घरोघर आल्या तेव्हां चित्र वाढलें आणि हा नकाशा मागें पडला. चित्रावर आमचा राग नाहीं. परंतु ‘क’ म्हणतांना कमळ पाहणाऱ्या मुलास ‘क’ आपल्याच गळ्यांत शोधावयास कोणी सांगत नाहीं. ‘चार’ आणि ‘चाक’, ‘जीभ’ आणि ‘जागा’ यांत अक्षर एक व उच्चार दोन. येथें चित्र काय करणार? येथें कानच हवा.

आतां इतवारीकडे वळूं. वऱ्हाड-नागपुराकडच्या बोलींत ‘डोळा’चा ‘डोया’, ‘केळी’चें ‘केयी’ आणि ‘पाणी’चें ‘पानी’ होतें. हिंदी घरांतील मुलास ‘बाळ’ शब्द ‘बाल’ असा येतो, कारण प्रमाण हिंदींत ‘ळ’ नाहीं. मौज अशी कीं, मारवाडी बोलींत तो आहे. तेव्हां व्यापाऱ्याचें पोर ‘ळ’ घरूनच घेऊन येतें. ‘ज्ञान’ हा शब्द मराठी शाळेंत ‘द्न्यान’ आणि शेजारच्या हिंदी दुकानांत ‘ग्यान’ असा ऐकूं येतो. मूळ ‘ज्’ व ‘ञ्’ यांचा संयोग दोघांच्याहि जिभेवर उरलेला नाहीं. मग शुद्धतेचा अभिमान कोणीं मिरवावा? ज्या अनुस्वारांचा उच्चार उरला नव्हता, ते १९६२ च्या लेखन-नियमांनीं काढूनच टाकले. आम्ही ते येथें हौसेनें दिले आहेत, इतकेंच.

म्हणून ‘ळ’ शिकवूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. वाचनांत व लेखनांत तो लागतो, आणि ज्यास तो साधत नाहीं त्याचें पुढें पदोपदीं अडतें. पण तो रागावून येत नाहीं. ‘माळा’ आणि ‘माया’, ‘काळा’ आणि ‘काया’ अशा जोड्या आधीं नुसत्या ऐकवाव्या. दोन शब्द निराळे आहेत हें मुलाच्या कानास पटलें, कीं मग जिभेचें टोंक ‘ट’च्या जागीं उलटें नेऊन श्वास दोहों बाजूंनीं सोडावयास सांगावें. वाघीण पिलास दाढेंत धरून नेते, तें पडत नाहीं आणि त्यास दांतहि लागत नाहीं. वर्ण तसे उच्चारावे, असा दृष्टान्त पाणिनीय शिक्षेंत आहे. शिक्षकानें तो आपल्या रागासहि लावून पाहावा. आणि संध्याकाळीं तेंच मूल आजीजवळ बसून ‘शायेंत’ काय झालें तें सांगूं लागलें, तर तेथें ‘ळ’ची आठवण करून देण्याचें कोणास कांहीं कारण नाहीं.