खाज थांबली म्हणून औषध थांबवू नका! गजकर्ण, खरूज आणि जंतांवर औषध नेमकं काय करतं, जाणून घ्या

पावसाळ्यात लावणीची कामं सुरू झाली की ओले कपडे तासन्‌तास अंगावर राहतात. जांघेत, काखेत, कमरेला गोल लालसर चट्टे उठतात. मग मेडिकलमधून एखादी ट्यूब आणली जाते. दोन दिवसांत खाज बंद आणि ट्यूब कोपऱ्यात! पण काही दिवसांनी चट्टा पुन्हा उठतो, तोही आधीपेक्षा मोठा. असं का होतं?

गजकर्ण : बुरशीचा आजार

गजकर्ण म्हणजेच नायटा बुरशीमुळे होतो. बुरशीच्या पेशीचं आवरण टिकायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. माणसाच्या पेशीत त्याजागी कोलेस्टेरॉल असतं. क्लोट्रिमॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन ही औषधं बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. त्यामुळे आवरण कमजोर होऊन बुरशी संपते. पण याला काही आठवडे लागतात. म्हणून चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. बुरशी कडेनं पसरते, त्यामुळे मलम चट्ट्याच्या बाहेर बोटभर जागेवरही लावायचं. अँटिबायोटिक गोळ्या जिवाणूंसाठी असतात, बुरशीवर त्या चालत नाहीत.

स्टिरॉइडच्या ट्यूबपासून सावध

काही ट्यूबमध्ये क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी स्टिरॉइडं मिसळलेली असतात. ती खाज आणि लाली दाबतात, बुरशी मारत नाहीत. उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी होते आणि बुरशी आत वाढत राहते. जास्त दिवस लावल्यास कातडी पातळ होते, कायमचे वळ उठतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. आता टर्बिनाफिनलाही दाद न देणारी बुरशी भारतात आढळते आहे.

खरूज : सगळ्या घराचा उपचार

खरूज बुरशीमुळे नव्हे, तर कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यामुळे होते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर पुरळ येतं आणि रात्री खाज वाढते. पर्मेथ्रिन मलम किड्याच्या मज्जातंतूंवर काम करून त्याला मारतं. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावून सकाळी धुवायचं आणि साधारण आठवड्यानं पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं नाही, तर एकाची खरूज दुसऱ्याला होतच राहते. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवावं. इथं मात्र उलट असतं. किडा मेला तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, म्हणून घाबरून रोज मलम चोळू नये.

जंत : एक गोळी, चावून

अल्बेंडाझोल गोळी जंताला साखर शोषू देत नाही. ताकद संपून जंत मरतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे 10 फेब्रुवारीला, 1 ते 19 वर्षांच्या मुलांना ती अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते. 2 वर्षांखालील बाळाला अर्धी, त्यापुढे 400 मिलिग्रॅमची पूर्ण गोळी. काही मुलांना थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते, ती बहुधा लवकर थांबते. गोळी नवे जंत अडवत नाही. त्यासाठी शौचालयाचा वापर, जेवणाआधी साबणानं हात धुणं आणि पायात चप्पल हवीच.

हे लक्षात ठेवा

• गरोदर महिला, यकृताचा आजार किंवा इतर गोळ्या सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं.
• लहान बाळाला मोठ्यांचं मलम परस्पर लावू नये.
• चट्टा पुन्हा उठत असेल किंवा मधुमेह असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. जाताना आधी वापरलेली ट्यूब सोबत न्यावी. त्यात स्टिरॉइड होतं का, हे डॉक्टरांना लगेच कळतं.