केबल बंद करून ओटीटी घेताना काय पाहावे?

केबल किंवा डीटीएच सोडून टीव्ही फक्त इंटरनेटवर पाहणे, याला 'कॉर्ड कटिंग' म्हणतात. मराठी घरात हा निर्णय बहुधा वेब सिरीजवर नाही, तर संध्याकाळच्या मालिकांवर अडतो.

झी मराठीच्या मालिका झी५ वर असतात, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. केबलवर या सगळ्या एकाच रिमोटवर मिळतात. घरात आई एक वाहिनी आणि आजी दुसरी पाहत असेल, तर दोन ॲप आलीच. त्यात इंटरनेटचे बिल मिळवले की केबल महाग होती का, हा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. वायफाय आधीपासून असेल तर मात्र बचत होऊ शकते.

स्वस्त प्लॅन घेताना नीट वाचावे. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, इतर काही ॲपचेही तसेच आहे. पैसे भरल्यावर हे कळले की चिडचिड होते.

स्मार्ट टीव्ही असेल तर वेगळे यंत्र लागत नाही. साध्या एलईडी टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल तर फायर टीव्हीसारखी स्टिक पुरते. ती टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता सोबतच्या ॲडॉप्टरवर लावावी, नाहीतर मध्येच बंद पडू शकते. जुन्या डबा टीव्हीला एचडीएमआय नसतो, त्यामुळे स्टिक थेट लागत नाही.

एचडी चित्रासाठी साधारण ५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो आणि तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकच्या हॉटस्पॉटवर एक सिनेमाही एचडीत पुरा होणार नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्यावर घ्यावा. क्रिकेट मात्र काही सेकंद मागे असते. शेजारी केबल असेल तर षटकार आधी ऐकू येतो, मग दिसतो.

बातम्यांसाठी पैसे लागत नाहीत. अनेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फीत 'वेव्हज' हे ॲप आणले, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आहेत. नेट कमकुवत असलेल्या गावात डीडी फ्री डिश बरी. ही सेवा २००४ पासून आहे. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे नाही. मात्र लोकप्रिय सशुल्क मराठी वाहिन्या तिथे सगळ्या मिळत नाहीत.

केबल सोडायचीच नसेल तरी बिल कमी करता येते. २०१९ पासून ग्राहकाला हव्या त्याच सशुल्क वाहिन्या निवडण्याचा हक्क आहे, पण अनेक घरांत केबलवाल्याने लावलेला पॅकच वर्षानुवर्षे चालू राहतो.

बंद करायचे ठरले तर एक महिना दोन्ही चालू ठेवून पाहावे. सेट-टॉप बॉक्स परत करताना पावती घ्यावी, अनामत असल्यास मागावी. आणि ओटीटीचे ऑटोपे यूपीआय ॲपमध्ये तपासत राहावे, कारण न पाहिलेल्या ॲपचेही पैसे कापले जातात.