रामराजाचें पितृत्व आणि ताराबाईंच्या दोन शपथा

प्रौढ मनुष्याच्या पितृत्वाविषयीं वाद पडल्यास त्याचा निवाडा कोणत्या प्रमाणावर करावा, हा प्रश्न एके काळीं खुद्द सातारच्या गादीसंबंधानें उपस्थित झाला होता.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं वारले. मागें औरस पुत्र नव्हता. आपला पुत्र दुसरा शिवाजी याचा मुलगा राजसबाईंच्या भयानें गुप्तपणें वाढविला असून तो हयात आहे, असें ताराबाईंनीं त्यापूर्वींच कळविलें होतें. हाच रामराजा. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगून त्यांच्या अभावीं दिव्य सांगितलें आहे. ज्याला जन्मतःच लपविलें, त्याला पुत्रत्वाची भुक्ति कोठून असणार? राहिली ती आजीची साक्ष. ताराबाईंनीं मराठमंडळीसमक्ष त्याच्यासह भोजन करून अन्नाची शपथ वाहिली, व ४ जानेवारी १७५० रोजीं रामराजा छत्रपति झाला.

परंतु तो आपल्या मुठींत राहत नाहीं, हें पाहून ताराबाईंनीं २४ नोव्हेंबर १७५० रोजीं त्याला सातारच्या किल्ल्यावर कैद केलें. आणि १४ सप्टेंबर १७५२ रोजीं जेजुरीस खंडोबासमोर, हा आपला नातू नव्हे, अशी शपथ घेतली. साक्षीदार एकच, शपथा दोन, आणि दोन्ही परस्परविरुद्ध!

कित्येक जण जेजुरीची शपथ निर्णायक मानतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पहिल्या शपथेनें सत्ता हातीं येणार होती. दुसरीनें छत्रपतीस कैद केल्याचा दोष टळणार होता. स्वार्थानें दूषित झालेली साक्ष दोन्हींकडे सारखीच दुर्बळ होय. राज्यमंडळानेंही दुसऱ्या शपथेवरून गादी रिकामी मानिली नाहीं. १७७७ सालीं मृत्यु येईपर्यंत रामराजा छत्रपतिच राहिला. मात्र, आपण कोणाचे पुत्र, हें सिद्ध करण्याचें साधन त्या बिचाऱ्याच्या हातीं कधींच नव्हतें.

आज तें साधन आहे. नारायणदत्त तिवारी यांच्यावर एका प्रौढ पुत्रानें २००८ सालीं लाविलेल्या दाव्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें रक्तपरीक्षा करविली, व २०१२ सालीं तिच्या अहवालानें पितृत्व सिद्ध झालें. तेथें रक्तच साक्षी झालें.

रामराजाच्या बाबतींत मात्र लिखितावांचून गति नाहीं. १७४९ पूर्वींचा, ताराबाईंच्या शब्दावर अवलंबून नसलेला, त्याच्या बालपणाचा उल्लेख ज्यांच्या दप्तरांत असेल त्यांनीं तो प्रसिद्ध करावा, अशी आमची विनंती आहे. एक अस्सल चिटोरें या दोन्ही शपथांहून अधिक वजनाचें ठरेल.